गुंजभर सोन्याच्या मागे : खानापूर, बैलहोंगल, बेळगाव

शुक्रवार : कोल्हापूरहून खानापूर तालुक्यात

डिसेंबरात बेळगावच्या वाटेवर गाडीच्या डिकीत मेटल डिटेक्टर असला की पोलिसांशी ओळख लगेच होते. बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलेलं, त्यामुळे निपाणी सोडल्यावर नाकाबंदी. डिकी उघडायला लावली. आत लांब दांड्याचं मशीन, दोन कॉइली, हेडफोन, खुरपी, प्लॅस्टिकची हिरवी परात आणि ॲसिडच्या बाटल्यांचा डबा. हवालदारांच्या हातातही छोटं डिटेक्टर होतंच. कन्नडात सुरू झालेली चौकशी आमची तोंडं बघून मराठीवर आली.

"हे कशाला?"

"सोनं शोधायला."

"मग सुवर्णसौधाकडं जावा की! रानात काय मिळणार तुम्हाला?" स्वतःच्याच विनोदावर हसत त्यांनी गाडी सोडली.

मशीन माझ्या मित्राचं. तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. दोन वर्षं गच्चीवर नाणी लपवून शोधण्यात त्याची हौस भागली होती, आता त्याला खरी जमीन हवी होती. माझ्या मामांची जमीन खानापूर तालुक्यात, भातकापणी झालेली. म्हणजे रान मोकळं आणि मालकाची परवानगी घरातलीच.

बेळगाव जिल्ह्यात सोनं कुठलं, असं कोणीही विचारेल. पश्चिमेकडचा बराच भाग बेसाल्टचा आणि त्यावर जांभा. तिथे सोनं शोधणं म्हणजे चपला झिजवणं. पण खानापूर, बैलहोंगल, सौंदत्तीकडे सरकलं की बेसाल्टचा थर संपत जातो आणि खालचा अडीच अब्ज वर्षांहून जुना धारवाडी खडक ठिकठिकाणी वर येतो. कोलार, हट्टी आणि गदग या सगळ्यांचं सोनं त्याच घराण्यातल्या खडकांतल्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरांमध्ये सापडलेलं आहे. कोलारची खाण 2001 साली बंद झाली, रायचूर जिल्ह्यातली हट्टी अजून चालू आहे. गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या डोंगरातल्या सोन्याबद्दल न्यूबोल्ड नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1840 च्या आगेमागे लिहून ठेवलं. पुढे 1874 साली भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी त्याच डोंगरावर लिहिलं. तिथल्या ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे जलगार लोक त्या काळी होते. आणि बेळगावपुरतं बोलायचं तर जुन्या इंग्रजी नोंदींत बेळवडी, बैलहोंगल आणि मुरगोड या तीन गावांच्या आसपास किरकोळ सोनं मिळत असल्याचा उल्लेख येतो. आमच्या डोक्यात किडा सोडला तो या एका ओळीने.

अधिवेशनाची गर्दी टाळून बाहेरच्या बाहेर खानापूर रस्ता धरला. मामांच्या घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. खळ्यावर मळणी चालू होती, हवेत तुसाची धूळ आणि अंगात भरणारी थंडी. मामींनी तांदळाची भाकरी, कुळथाची आमटी आणि गावठी कोंबडीचा रस्सा वाढला. मामांनी मशीन हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "हे बोअरचं पाणी दाखवतंय काय रे?"

नाही म्हटल्यावर त्यांचा निम्मा उत्साह मावळला.

जाणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकतो. 1957 च्या खाण कायद्यानुसार परवान्याशिवाय सोन्याचा शोध घेता येत नाही, जमीन स्वतःची असली तरी. जुनं दडवलेलं धन सापडलं तर 1878 चा निखात निधी कायदा आहे, कर्नाटकाचा स्वतःचाही आहे, आणि दोन्हींचा अर्थ एकच, की गपचूप खिशात घालायचं नाही, सरकारला कळवायचं. किल्ला, जुनं देऊळ, पुरातत्त्व खात्याची निळी पाटी दिसली की मशीन गाडीतून काढूच नये. कप्पतगुड्डा तर 2019 पासून अभयारण्य आहे, तिकडे मशीन घेऊन फिरकूही नका. आमचा बेत एवढाच होता, की मशीनला इथल्या मातीत काय ऐकू येतं ते घरच्या रानात बघायचं, आणि सोन्याला ज्यांचा रोज हात लागतो त्यांच्याकडून पारख शिकून यायची.

शनिवार : मामांचं रान

सकाळी सातला धुकं इतकं, की बांध दिसत नव्हता. कॉफी दोनदा झाली तरी बोटं वाकत नव्हती.

रानात जायच्या आधी मित्राने एक मागणी केली, चाचणीसाठी थोडं खरं सोनं हवं. सगळ्यांनी मामींकडे बघितलं. मामी आत गेल्या आणि डब्यातून तुटलेल्या मंगळसूत्राचा एक सुटा मणी घेऊन आल्या. जेमतेम गुंजभर, म्हणजे 0.12 ग्रॅमच्या आसपास. "हरवला तर तुझं मशीन गहाण टाकीन," असं मित्राला हसत सांगितलं आणि पदर खोचून स्वतःही रानात आल्या.

मणी कॅरमच्या प्लॅस्टिकच्या सोंगटीला टेपने चिकटवला, सोंगटीला लाल दोरा बांधला, दोऱ्याचं दुसरं टोक मामींच्या हातात. आता जमिनीची चाचणी. डिटेक्टरचं काम असं, की कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातू असेल तर त्यात भोवरी प्रवाह तयार होतात आणि त्यांचं प्रतिक्षेत्र दुसरी कॉइल पकडते. अडचण ही, की लाल मातीतलं लोहखनिजही त्या क्षेत्रात ढवळाढवळ करतं. म्हणून आधी मशीनला जमिनीची सवय करून द्यावी लागते, त्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. मित्राचं मशीन मिनेलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीचं गोल्ड मॉन्स्टर 1000. ते 45 किलोहर्ट्झवर चालतं आणि जमिनीशी आपोआप जुळवून घेतं. साधी नाणी शोधायची मशीनं बहुतेक याच्या बरीच खाली, 5 ते 20 किलोहर्ट्झच्या दरम्यान चालतात. बारीक सोन्याला वरची फ्रिक्वेन्सी लागते, पण तीच फ्रिक्वेन्सी खराब जमिनीत जास्त कटकट करते. आणि इथली जमीन त्या अर्थाने खराबच. जांभ्याचा खडा कॉइलखाली आला की मशीन किंचाळायचं.

मणी नुसता मातीवर ठेवला तर आवाज खणखणीत. एक बोट खाली पुरला, आवाज आला. दोन बोटं, आला पण दबका. तीन बोटांवर मित्र म्हणायचा येतोय, मी म्हणायचो नाही. चार बोटांवर दोघेही गप्प. मामींनी दोरा ओढून मणी वर काढला, पुसला आणि विचारलं, "एवढ्या पैशाचं मशीन, आणि चार बोटं दिसत नाही?"

हा प्रश्न मी या सहलीतली सगळ्यात मोलाची चाचणी मानतो. यूट्यूबवर "दहा फूट खोल सोनं" दाखवणारे व्हिडिओ बघून मशीन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने आधी गुंजभर मणी पुरून बघावा. मोठं भांडं, लोखंडी पेटी खोलवरूनही कळते, पण गव्हाच्या दाण्याहून लहान सोनं दोन-तीन बोटांच्या आतच. धूळ झालेलं सोनं तर कॉइलला नाकाशी आणलं तरी कळत नाही. पल्स इंडक्शन जातीची मशीनं लाल मातीत जास्त शांत राहतात आणि जरा खोल जातात, पण लोखंड आणि सोनं यातला फरक त्यांना नीट सांगता येत नाही. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या बैल चालले तिथे हा फरक फार महागात पडतो.

कारण नंतर जे सापडत गेलं ते सगळं बैलांचंच. खुराला मारायच्या पत्रीचे खिळे, अर्धी पत्री, पुन्हा खिळे, नांगराच्या फाळाचं टोक. एक बिअरच्या बाटलीचं झाकण, ते कोणाचं यावर मामांनी मुलाकडे बघितलं. दहाच्या सुमारास बांधाजवळ स्वच्छ आवाज आला, तिथून 1940 च्या दशकातला भोकाचा एक पैसा निघाला. त्यानंतर चुन्याची एक चेपलेली डबी. डबीचं झाकण अजून उघडत होतं आणि आत चुन्याचा दगडासारखा घट्ट थर. मामा म्हणाले ही आमच्या अण्णांची. शेजारच्या रानातले आजोबा काठी टेकत आले होते, ते म्हणाले, "तुझ्या अण्णानं जन्मात तंबाखू विकत घेतलेली नव्हती, डबी कुठली? ही माझ्या थोरल्या भावाची." यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी डबी आजोबांकडे गेली आणि पैसा मामांकडे राहिला.

तोवर बांधावर पंधरा-वीस माणसं जमली. "काय शोधुलालाय?" "गुप्तधन हाय काय?" एकाने हळूच बाजूला घेऊन सांगितलं, की त्याच्या पाहुण्यांकडे तांदूळ ओढणारा तांब्या आहे, मशीनवर तपासून देता का. हा राइस पुलरचा धंदा अजून संपलेला नाही. तांदळाच्या दाण्यात आधी लोखंडाचा कीस भरून ठेवतात, आत चुंबक, आणि वर लाखांची बोली. दोन सळ्या हातात धरून अर्ध्या किलोमीटरवरचं सोनं दाखवणारी यंत्रंही त्याच माळेतली. मित्राने त्याला दहा मिनिटं समजावलं. पटलं असं वाटलं नाही.

एक सूचना गंभीरपणे. गावात अनोळखी माणसं मशीन घेऊन रानात, तेही अमावास्येच्या आगेमागे, म्हटल्यावर लोक घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं बरोबर असतं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार झालेले आहेत. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधन हा शब्द उगाच आलेला नाही. ज्याच्या रानात जाणार त्याला सोबत ठेवा, दिवसाउजेडी जा, खड्डे बुजवा आणि निघालेली वस्तू सगळ्यांना दाखवा. आमच्याबरोबर पदर खोचलेल्या मामी होत्या, त्यामुळे कोणी संशय घेतला नाही.

दुपारी नंदगडला चक्कर मारली. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला 1831 साली इंग्रजांनी इथेच फाशी दिलं. त्याच्या स्मारकापाशी नवस बोलून वडाला पाळणे बांधायची रीत आहे. मशीन अर्थात गाडीत, कुलूप लावून.

रविवार : बैलहोंगल आणि बेळवडी

कित्तूरवरून बैलहोंगल. खानापूरची झाडी मागे पडली की जमीन सपाट आणि काळी होत जाते, रस्त्यावर उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, प्रत्येकावर वेगळं गाणं. बैलहोंगलात राणी चन्नम्माची समाधी आहे, तिथे पाच मिनिटं थांबून एका खानावळीत शिरलो. ज्वारीची पातळ कडक भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा, मेथीची कोवळी पानं आणि घट्ट दही. वाढणाऱ्या आजी कन्नडात विचारायच्या, मी मराठीत सांगायचो, भाकरी मात्र दर वेळी बरोबर येत होती. भरलेल्या वांग्यातलं कारळं मला आमच्याकडच्यापेक्षा जास्त आवडलं, हे घरी सांगितलेलं नाही.

बेळवडीच्या बाजूला मामांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानातून ओढा जातो. पाणी घोट्याएवढं. इथे मशीन काढलंच नाही. ओढ्यातलं सोनं असलंच तर धुळीएवढं, तिथे काम परातीचं. मालकाच्या समोर वळणाच्या आतल्या बाजूची, मोठ्या धोंड्याच्या पायथ्याची गाळवाळू दोन ओंजळी घेतली. जड माल पाण्याचा वेग मंदावतो तिथेच बसतो, म्हणून वळणाची आतली बाजू आणि धोंड्याची आडोशाची जागा.

परात पाण्याखाली धरून आधी हलवायची, मग जरा वाकडी करून वरची हलकी वाळू थोडी थोडी पाण्याबरोबर सोडून द्यायची. गारेची वाळू पाण्याच्या अडीचपटीहून थोडी जड, लोहखनिजाची काळी वाळू पाचपट, आणि सोनं एकोणीसपट. एवढ्या फरकावर हे सगळं शास्त्र उभं आहे. मित्राने पहिल्या खेपेला निम्मी परात ओढ्याला अर्पण केली. शेतकरी बघत होते, त्यांनी "द्या इकडं" म्हणून परात घेतली आणि तांदूळ रोवळीत धुतात त्या सहजतेने मनगट फिरवलं. तळाशी काळ्या वाळूची शेपटी उरली. तिच्या टोकाला एक पिवळा चमचमता कण.

तिघांनीही डोकी एकमेकांवर आपटली.

मी भिंग लावलं. सावली धरली तर कण विझला, उन्हात आणला की पेटला. इथेच शंका आली, सोनं सावलीतही पिवळं दिसतं. मग सुई. सोनं मऊ, सुईने दाबलं की खळगा पडतो. सोनमाखी, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं पायराइट, ठिसूळ, ती फुटून काळसर भुकटी होते. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. आमच्या कणाचे दोन पापुद्रे झाले, मग चार. शेतकऱ्यांनी विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हटलं, "अभ्रक." ते म्हणाले, "आमच्या विहिरीच्या मुरमात गाडीभर आहे, घेऊन जावा."

सगळी वाळू परत ओढ्यात सोडली. मोबदल्यात त्यांच्याकडून शेतातले ओले हरभरे मिळाले.

हातात परात धरायची असेल तर पावसाळा संपल्यावरचे दोन महिने बरे, पाणी नितळ असतं आणि थंडीने पाय बधिर होत नाहीत. ॲसिड ओढ्यावर नेऊ नये. आम्ही नेलं नाही, सुई आणि भिंग पुरतं. आणि पारा वापरून सोनं धरायचा जुना उपाय ऐकलात तर तिथून उठून या. त्याची वाफ डोक्यात जाते आणि ओढ्याचं पाणी गुरं पितात.

सोमवार : शहापूर, बेळगाव

बेळगावच्या शहापुरात सराफी पेढ्यांच्या गल्लीत सकाळी सहाला पोचलो. दुकानं बंद. पण एक बाई आणि तिचा तरुण मुलगा पेढ्यांच्या पायऱ्यांपुढची फरशी बारीक कुंच्याने झाडत होते. झारेकरी, सराफी केरातून सोनं काढणारे. फरशीच्या फटीत कुंचा आडवा घालून, टोकाने उकरून, चिमूटभर धूळही सुटू न देता सुपलीत घेत होते. मग गटाराचा गाळ घमेल्यात. आम्ही विचारलं तर बाई थांबल्या नाहीत, हात चालू ठेवूनच बोलत होत्या. कारागिराच्या कपड्यांतून, पायांतून, हात धुतल्या पाण्यातून कीस बाहेर येतो. दुकानाच्या आतला केर मालक वर्षाच्या बोलीने विकतात, ती बोली मोठ्या माणसांची. रस्त्यावरचा ज्याने आधी झाडला त्याचा.

नळावर गाळ धुताना बघितलं. घमेलं अगदी कालच्या शेतकऱ्यासारखंच फिरत होतं, फक्त दुप्पट वेगाने. काळा माल उरला की मुलाने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवलं, लोखंडाचा कीस पिशवीला चिकटला, पिशवी उलटी करून झटकला. पुन्हा पाणी. आणि मग घमेल्याच्या कडेला, नखाच्या टोकाएवढी, पिवळी रेघ.

मी हाताने सावली धरली. रेघ पिवळीच राहिली.

मित्राने धिटाईने मशीन काढू का विचारलं. मुलगा म्हणाला, काढा की. लोखंडी घमेल्याने मशीन बोंबलायला लागलं, म्हणून तो गाळ प्लॅस्टिकच्या झाकणावर घेतला. कॉइल अगदी टेकवली. मशीन गप्प. डोळ्यांना दिसणारं सोनं त्याला ऐकू येत नव्हतं. बाई पहिल्यांदा हसल्या.

"किती होईल?" मी विचारलं.

"आज बरं हाय. दिवाळीच्या आधी यायचं होतं तुम्ही."

पेढ्या उघडल्यावर शेजारच्या गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं गाळून देणाऱ्याकडे, गेलो. मूळचे विट्याकडचे, देशभरातल्या सराफ बाजारांत दिसतात तसेच. मामींच्या परवानगीने आणलेला मणी त्यांच्यापुढे ठेवला. आधी त्यांनी काळ्या कसोटीवर तो घासून कस लावला, शेजारी ठरलेल्या टंचाच्या, म्हणजे शुद्धतेच्या, सुयांच्या रेघा ओढल्या आणि काचेच्या कांडीने तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, थेंब फिरवला. पितळ असतं तर रेघ हिरवी होऊन उडाली असती. ती टिकली, पण 22 कॅरेटच्या शेजारच्या रेघेपेक्षा जरा फिकी पडली. "वीसच्या आसपास," ते वर न बघताच म्हणाले. मग आम्हाला पटावं म्हणून टंच मशीनमध्ये ठेवला. क्ष-किरणांवर चालणाऱ्या या मशीनने मिनिटाभरात आकडा दाखवला, 83 टक्क्यांच्या थोडं वर. म्हणजे वीसच कॅरेट.

"मशीन वरवरचा थर वाचतं," त्यांनी सांगितलं. "मुलामा जाड असला तर फसतं. खरं काय ते वितळवल्यावर. यात मण्याच्या सांध्याला जोडायचा डाक आहे, जुन्या कामात डाक हलका असायचा, त्याने टंच उतरतो." परत देताना मणी कागदाच्या पुडीत बांधून वर आकडा लिहून दिला.

घरी बसून पारख शिकायची असेल तर कसोटीचा दगड आणि सुयांचा संच घ्या, तेजाब नको, निदान लहान मुलं असलेल्या घरात तरी. वजनकाटा 0.01 ग्रॅमपर्यंतचा असेल तर मोठ्या दागिन्याचं पाण्यातलं वजन करून घनता काढता येते, गुंजभर मण्याला त्याचा उपयोग नाही. गलाईवाल्याकडे जाताना दुपारी बारानंतर जाऊ नका, भट्टी पेटलेली असते आणि कोणाला बोलायला वेळ नसतो.

कुंदा घेतला, मांडे घेतले. गाडीत बसतानाच मामींना फोन लावला आणि आकडा सांगितला. पलीकडे थोडा वेळ काही ऐकू येईना.

"वीस?" मामी म्हणाल्या. "त्या सोनारानं बावीसचे पैसे घेतले होते आमच्या दादांकडून! तीस वर्षं झाली!"

मागून मामांचा आवाज आला, "त्या पोरांना सोनं वाढवायला बोलावलं होतं, कमी करायला नव्हे."

"तुम्ही गप बसा हो. पुढच्या खेपेला पाटल्या देते बघ तुझ्याकडं. त्याही बघून ये."